अंदाजे तीनशे

बाळंतपणाच्या रजिस्टरात रकाने पुष्कळ असतात. बाईचं नाव, वय, गाव, कितवं बाळंतपण, किती वाजता, मुलगा की मुलगी, वजन किती. आमच्या रजिस्टरात अगदी उजवीकडे, शेऱ्याच्या अलीकडे, एक अरुंद रकाना होता. वर लिहिलेलं होतं, ‘रक्तस्राव’. १९८६ साली मी स्टाफ नर्स म्हणून लेबर रूममध्ये रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी आमच्या मोठ्या सिस्टरांना विचारलं, “इथं काय लिहायचं?” त्या टाके घालायचं सामान उकळायला ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लिही, अंदाजे तीनशे.”

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. पुढे विचारायची गरजच उरली नाही. त्या रजिस्टराची पानं आज कुणी चाळली तर तो रकाना वरपासून खालपर्यंत एकाच आकड्यानं भरलेला दिसेल. मधूनच कुणीतरी अडीचशे लिहिलेलं असे. ते बहुधा लिहून लिहून कंटाळा आल्यामुळे.

तीनशेच का, याला कारण होतं. बाळंतपणात थोडंफार रक्त जातंच. पाचशे मिलिलिटरच्या वर गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं, ‘पीपीएच’. आता पाचशे लिहिलं की पुढचं सगळं आलं. डॉक्टरांना कळवलं का, कधी कळवलं, काय दिलं, आधी का कळलं नाही? एखादा मेमोही हातात पडायचा. तीनशे लिहिलं की कुणी काही विचारत नसे. आपण खोटं लिहितो आहोत असं आम्हाला कधी वाटलंच नाही. ‘सगळं ठीक’ हे आकड्यात लिहायची ती एक रीत होती, इतकंच.

जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी रुग्णालय होतं ते. नाव सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचं नाव घातलं असतं तरी त्या काळी गोष्ट फारशी बदलली नसती.

१९९३ सालच्या पावसाळ्यातली ती रात्र. लेबर रूममध्ये टेबलं तीन, सिस्टर मी एकटी, मदतीला एक मावशी, आणि ड्यूटीवरचे डॉक्टर वर थिएटरमध्ये सिझेरियन करत होते. रात्री दहा ते पहाटे चार या वेळात आमच्याकडे पाच बाळंतपणं झाली. ती त्यातली चौथी. वय बावीस, दुसरं बाळंतपण. केसपेपरवर हिमोग्लोबिन साडेसात लिहिलेलं होतं. म्हणजे अंगात रक्त मुळातच कमी. पण तसं तर निम्म्या बायकांचं असे, त्यामुळे त्या आकड्याकडे नजर जाऊनही मन थांबत नव्हतं. तीनच्या सुमाराला मुलगी झाली. वार नीट पडली, मी ती पसरून तपासून पाहिली. मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं. पोटावर हात ठेवून पाहिला, गर्भपिशवी नारळासारखी घट्ट लागली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची पाचवी ओरडायला लागली. मी हात धुऊन तिकडे गेले.

मावशींनी चौथीच्या खालचं कापड काढलं, दुसरं घातलं. बादलीत गर्भजल, रक्त, धुतल्याचं पाणी, सगळं एकत्रच होतं. फरशीवर त्यांनी पाणी मारलं आणि खराट्यानं मोरीकडे लोटलं. स्वच्छतेच्या बाबतीत मावशींना तोड नव्हती. मी रजिस्टर ओढलं आणि सवयीनं लिहून टाकलं, अंदाजे तीनशे.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. “सिस्टर, पाणी द्या ना. घशाला लई कोरड पडलीया.”

पाचवीचं बाळ नुकतंच बाहेर आलं होतं, मी त्याचं नाक-तोंड पुसत होते. म्हटलं, “देते हं ताई, थांब जरा.”

बाळ मावशींकडे देऊन तिच्याकडे गेले. रक्तदाब पाहिला, एकशेदहा-सत्तर. म्हणजे उत्तम. मनगटावर बोट ठेवलं, नाडी जराशी जलद वाटली. दमली असेल म्हटलं. घड्याळ लावून मिनिटभर मोजली नाही. ती जांभया देत होती, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत होती. मला वाटलं, झोप येतेय बिचारीला, रात्रभर कळा सोसल्यात. पाण्याचे दोन घोट पाजले आणि पाचवीची वार पाहायला परत गेले.

मला आज जे ठाऊक आहे ते त्या वेळीही पुस्तकात होतं. तरण्या बाईचं शरीर फार मोठं सोंग घेतं. रक्त जात असताना हृदय जोरात पळतं, हातापायांच्या शिरा आकसतात आणि रक्तदाब बराच वेळ चांगला राहतो. तो पडतो तेव्हा पुष्कळ रक्त गेलेलं असतं. आधी बोलते ती नाडी. मग तहान, अस्वस्थपणा, जांभया, गार हात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून मिनिटाला पाचशे ते सातशे मिलिलिटर रक्त वाहत असतं. बाळंतपणानंतर ती पिशवी आवळून राहते म्हणून बायका वाचतात. ती ढिली पडली तर नळ उघडा राहिल्यासारखंच होतं. मात्र प्रत्येक वेळी धो धो वाहत नाही. पुष्कळदा संथ धार लागते, कापडात मुरते, पाठीखाली साठते, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

परत तिच्याकडे वळले तेव्हा चादर पाठीपर्यंत भिजली होती. पोटावर हात ठेवला तर मघाची नारळासारखी पिशवी तिंबलेल्या कणकेसारखी मऊ. मी ओरडूनच मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं. पिशवी चोळत राहिले, एका हातानं सलाईन लावलं, त्यात पिटोसिन घातलं. पिटोसिनच्या अँप्यूल खिडकीतल्या ट्रेमध्ये होत्या. फ्रीज होता, पण तो ऑफिसात, आणि ऑफिसला रात्री कुलूप. त्या ट्रेवर दिवसभर ऊन येई. त्या औषधात कितपत दम उरला होता, देव जाणे. डॉक्टर धावत आले, त्यांनी करायचं ते सगळं केलं. नवऱ्याला रक्ताची चिठ्ठी देऊन पाठवलं. रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाहेर पाऊस, त्याच्याकडे सायकल. तो बाटली घेऊन परत आला तेव्हा सहा वाजून गेले होते. ती पावणेसहाला गेली.

तिच्या आईनं नातीला पदरात गुंडाळून घेतलं होतं. मी समोर गेले तर त्या माउलीनं मला हात जोडले. म्हणाली, “बाई, तुमी लई केलंत.”

त्या हातांकडे मला पाहवलं नाही.

चौकशी झाली. केसपेपर मागवला, रजिस्टर मागवलं. रक्तस्राव अंदाजे तीनशे. म्हणजे बाळंतपण सुरळीत झालं, नंतर प्रकृती अचानक बिघडली, मुळात अंगात रक्त कमी होतं. कुणावर ठपका आला नाही. मोठ्या सिस्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “बरं झालं बाई, नीट लिहून ठेवलं होतंस.” त्या बोलल्या ते मायेनंच. पण त्या दिवसापासून तो आकडा मला टोचायला लागला. मी तिला वाचवू शकले नव्हते आणि त्या आकड्यानं मला मात्र वाचवलं होतं.

चौकशीत ट्रेमधल्या अँप्यूलबद्दल कुणी विचारलं नाही. ऑफिसच्या किल्लीबद्दल नाही, तीन टेबलांना एक सिस्टर याबद्दल नाही, की नाडी मोजली होती का याबद्दल नाही. आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. चौकशी म्हणजे दोषी शोधणं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. दोषी सापडला नाही, फाईल बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर गेले तेव्हा ट्रे तिथंच खिडकीत होता.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच का नाही उचलला? उचलला. ऑफिसच्या फ्रीजची एक किल्ली भांडून भांडून लेबर रूममध्ये आणली, त्याला सहा महिने लागले. रकान्यात मात्र मी तीनशेच लिहीत राहिले. दुसरं काही लिहायचं तर ते मोजायला हवं होतं, आणि मोजायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ते कळलं पंधरा वर्षांनी. २००७ साली मी लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर झाले आणि पुढच्याच वर्षी एका प्रशिक्षणाला गेले. अशा प्रशिक्षणांत जेवण बरं असतं आणि दुपारी डुलकी लागते. पण शिकवणाऱ्या मॅडमनी बेळगावचं नाव घेतलं तशी मी सावरून बसले. माझं आजोळ तिकडचं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या खेड्यांत एक मोठं काम केलं होतं. २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. गोळ्या देणाऱ्या होत्या गावच्या नर्सबाई. साध्या गोळीवाल्यांत १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषधवाल्यांत ६.४ टक्के. जवळजवळ निम्म्यावर आलं. २००६ साली ते ‘लॅन्सेट’सारख्या मासिकात छापून आलं.

पण मला त्या गोळ्यांपेक्षा दुसरीच गोष्ट भावली. एवढं रक्त गेलं, एवढं वाचलं, हे सांगायचं तर त्यांना आधी ते नेमकं मोजावं लागलं होतं. त्यासाठी त्यांनी प्लास्टिकचा एक कागद तयार केला होता. बाळ झालं की तो बाईच्या कमरेखाली सरकवायचा, खाली त्याचा निमुळता होत जाणारा कप्पा, आणि कप्प्यावर मापाच्या रेघा. रक्त आपोआप त्यात उतरतं, रेघ वाचायची. बस्स. शिवाय त्यांनी डोळ्यांचा अंदाज आणि हा कागद यांची तुलना करून पाहिली, तर डोळ्यांचा अंदाज सरासरीनं ३३ टक्के कमी भरला. मी वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. मापाच्या कागदात साडेचारशे भरत असतील तर डोळे ‘तीनशे’ म्हणणार. तेही नीट बघणारे डोळे. आम्ही तर बघतही नव्हतो.

परत आले ती डोक्यात खूळ घेऊनच. तो कागद मागवायचा तर तो भांडारच्या यादीत नव्हता, आणि यादीत नसलेली वस्तू सरकारी रुग्णालयात आणणं म्हणजे काय हे ज्यांनी नोकरी केली त्यांनाच कळेल. मग मी वजनाचा मार्ग धरला. रक्त पाण्यापेक्षा किंचितच जड, तेव्हा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरायला हरकत नाही. कोरड्या पॅडचं, कोरड्या कापडाचं वजन एकदाच करून भिंतीवर लिहून ठेवायचं. भिजलेलं तोलायचं, कोरड्याचं वजा करायचं. काटा आमच्याकडे होताच, बाळाचं वजन करायचा. त्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरायची आणि भिजलेली कापडं ठेवायची. मावशी आधी नाक मुरडायच्या. “आता हे काय नवीन, बाई? मोरीत टाकायचं सोडून तोलायचं?” पण काही दिवसांनी मुलींच्या आधी त्याच सांगायला लागल्या, “बाई, हे कापड जड लागतंय हातालाच.”

आणि मग आमच्या रजिस्टरात नवे आकडे दिसू लागले. दोनशे दहा. तीनशे साठ. पाचशे चाळीस. एकदा सातशे ऐंशी आला. ती बाई बिछान्यावर बसून सासूशी बोलत होती, चेहरा ठीक, रक्तदाब ठीक. काटा नसता तर मी तिला तीनशेत बसवलं असतं. नाडी मोजली, एकशेबारा. पिशवी ढिली पडत होती. पिटोसिन, मेथर्जिन, दोन सलाईन, लघवीची नळी, सगळं वेळेत झालं. संध्याकाळी ती चहा-बिस्किट खात होती. तिला कधी कळलंही नसेल की काय टळलं. कळायचं कारणही नाही.

तीन महिन्यांनी वरिष्ठांनी बोलावून घेतलं. समोर आमचा अहवाल. “सिस्टर, तुमच्या लेबर रूममध्ये अतिरक्तस्राव एवढा कसा वाढला? गेल्या वर्षी तर जवळजवळ नव्हताच.”

मी म्हटलं, “सर, वाढला नाही. दिसायला लागला.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मेमो. चांगले गृहस्थ होते ते, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. जिल्ह्यातल्या इतर रुग्णालयांच्या कागदावर सगळ्या बायकांचे तीनशे, आणि आमच्याच कागदावर पाचशे, सहाशे. कागद पाहणाऱ्याला वाईट आम्हीच दिसणार. सुधारणा करायला निघालेल्या माणसाचे आकडे पहिल्यांदा बिघडतात. हे वरच्यांना समजलं नाही तर खालचे लोक चार दिवसांत पुन्हा तीनशेवर येतात. आमचे साहेब काही वेळानं म्हणाले, “चालू ठेवा. पण मला दर महिन्याला सांगा, यातल्या किती जणींना रक्त चढवावं लागलं, किती जणींना वर पाठवावं लागलं.” प्रश्न बरोबर होता. माझी त्यांच्याबद्दलची भीती तिथं थोडी कमी झाली.

त्याच साहेबांच्या परवानगीनं आम्ही शनिवारी दुपारी अर्धा तास बसायला लागलो. डॉक्टर, सिस्टर, मावशी, सगळे. त्या आठवड्यात कुठं चुकता चुकता राहिलं ते सांगायचं. अट एकच, नाव घ्यायचं नाही, आणि इथलं बोलणं मेमोत जाणार नाही. पहिले चार शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. चहा पिऊन सगळे उठले. पाचव्या शनिवारी मी त्या १९९३ च्या रात्रीची सगळी हकीकत सांगितली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. पाण्याचं सांगितलं, जांभयांचं सांगितलं, न मोजलेल्या नाडीचं सांगितलं. माझा आवाज कापत होता. मी थांबले तेव्हा नुकत्याच लागलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “परवा रात्री मी एका पेशंटला चुकीच्या बाईचं इंजेक्शन भरलं होतं. द्यायच्या आधी लक्षात आलं.” मग एकेक जण बोलायला लागलं. त्या दिवसापासून दोन सारखी नावं असलेल्या बायकांच्या मनगटावर आम्ही चिकटपट्टीवर नंबर लिहायला लागलो. तिथून पिटोसिन, मेथर्जिन, सलाईनच्या सुया, नळ्या, दस्ताने असं सगळं एका लाल डब्यात ठेवायची पद्धत निघाली, कारण कुणीतरी कबूल केलं की धावपळीत सुई शोधण्यातच पाच मिनिटं गेली होती. पिटोसिनचा साठा फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांत. डब्यावर फक्त चिठ्ठी, ‘फ्रीजच्या दारात, वरचा कप्पा’. आणि फ्रीजमध्ये कुणाचाही जेवणाचा डबा ठेवायचा नाही. या शेवटच्या नियमावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नाहीत.

हे आम्हीच शोधलं असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय छाननी होत आली, नावं न सांगता, काय शिकायचं ते सांगून. आपल्याकडे केरळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००४ पासून तोच परिपाठ चालवला आणि आई का दगावते याचे अहवाल छापले. केंद्र सरकारनं २०१० साली देशभर मातामृत्यूंचा आढावा घेण्याच्या सूचना काढल्या. सूचना निघाल्या म्हणजे भीती गेली असं नव्हे. काही ठिकाणी आढाव्याचीच चौकशी झाली आणि चौकशी म्हटली की पुन्हा सगळे तीनशेच लिहिणार.

कागद भरून सगळं होतं, असंही मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची एक यादी आहे. हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, रक्तस्राव होतोय का, असे मुद्दे एकेक करून खूण करायचे. तिची पहिली चाचणी २०१० साली कर्नाटकातल्या एका बाळंतपणाच्या केंद्रात झाली. आवश्यक २९ गोष्टींपैकी आधी सरासरी दहाच होत होत्या, यादी आल्यावर पंचवीस व्हायला लागल्या. मग २०१४ ते २०१६ मध्ये उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत, दीड लाखाहून जास्त बाळंतपणांत तीच यादी वापरून पाहिली. सोबत शिकवणारी माणसंही दिली. सिस्टरांचं काम खूप सुधारलं, पण आया आणि बाळं दगावण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. आणि शिकवणारी माणसं यायची थांबली तसं सुधारलेलं कामही ढिलं पडत गेलं. मला ते वाचून वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही. यादीत खूण करायला एक सेकंद लागतो. रक्त नसेल, डॉक्टर नसेल, तीन टेबलांना एकच सिस्टर असेल, तर खुणेचं काय लोणचं घालायचं?

तरीही मोजण्यावरचा माझा विश्वास ढळला नाही. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, दोन लाखांवर बाळंतपणांचा. निम्म्या रुग्णालयांनी मापाचा कागद वापरला आणि रक्त जास्त दिसताच पिशवी चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकापाठोपाठ न थांबता एकदमच केलं. बाकीच्यांनी नेहमीच्या रीतीनं. नेहमीच्या रीतीत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या बायका ओळखल्या गेल्या. कागदवाल्यांनी शंभरातल्या त्र्याण्णव ओळखल्या. आणि गंभीर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. नवं औषध नव्हतं त्यात. बरंचसं आमच्या लाल डब्यातलंच. मी तोवर निवृत्त झाले होते. पुतण्यानं ते मला वाचून दाखवलं, तेव्हा मी त्याला तो ‘निम्म्या’चा भाग पुन्हा वाचायला लावला. म्हणजे प्रत्येक दुसरी बाई कुणाच्या तरी ‘अंदाजे तीनशे’त झाकली गेली होती.

आपल्या देशात १९९७ ते २००३ या काळातल्या मातामृत्यूंपैकी ३८ टक्के रक्तस्रावानं झाले होते. २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ आया दगावत, २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात ३३ वर. फार मोठी गोष्ट आहे ही, आणि त्यात १०८ च्या गाडीपासून रक्तपेढ्यांपर्यंत कितीतरी हातांचा वाटा आहे. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं सरकारी लेबर रूमसाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्याची तपासणी आमच्याकडेही झाली. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंती रंगवल्या, ते जाऊ द्या. पण पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या फ्रीजमधलं तापमान विचारलं. मी थर्मामीटर दाखवला आणि मनातल्या मनात त्या खिडकीतल्या ट्रेला सांगितलं, बघ.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या सूचना काढल्या. पाचशेची वाट पाहू नका. रक्त मोजा, आणि तीनशेला पोहोचलं असताना नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर तिथंच उपचार सुरू करा. तीनशे! आयुष्यभर ज्या आकड्याचा अर्थ मी ‘सगळं ठीक’ असा लावला, तोच आता सावध व्हायचा आकडा झाला आहे. मी ती बातमी दोनदा वाचली आणि चहा गार झाला.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं पुण्यात बाळंतपण झालं, खासगी नर्सिंग होममध्ये. आमच्या ताईनं मला आठवडाभर आधीच बोलावून ठेवलं होतं. मी भाचीला आणि जावईबापूंना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. बाळ झाल्यावर सगळे बाळाकडे धावतात. पहिले दोन तास एकानं तरी आईजवळ बसायचं. आणि तिला फार तहान लागली, जांभया यायला लागल्या, ती अस्वस्थ झाली, हात गार पडले, पॅड भराभर भिजायला लागलं, तर ‘दमली असेल’ म्हणायचं नाही, सिस्टरना बोलावून नाडी मोजायला सांगायची. संकोच करायचा नाही. जावईबापू वहीत लिहून घेत होते, हसूच आलं मला.

रात्री साडेअकराला मुलगी झाली. ताई आणि विहीणबाई बाळाच्या पाळण्यावर वाकल्या. मी भाचीच्या उशाशी जाऊन बसले, मनगट हातात घेतलं, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी. पोटावर हात ठेवायला गेले तर तिथली सिस्टर म्हणाली, “आजी, मी आत्ताच पाहिलंय. पिशवी घट्ट आहे.” पंचविशीची असेल पोरगी, केस घट्ट बांधलेले, मनगटावर पेननं काहीबाही लिहिलेलं.

मी विचारलं, “रक्त किती गेलं गं?”

तिला बहुतेक राग आला. पण वाकून तिनं टेबलाखालचा कप्पा उजेडात धरला, रेघ वाचली आणि म्हणाली, “दोनशे ऐंशी. पाऊण तासाचं. परत पंधरा मिनिटांनी बघणार आहे.”

“अंदाजे?”

“अंदाजे कशाला? मोजलंय.”

मी खुर्ची पाळण्याकडे वळवली आणि बाळाचं तोंड पाहिलं.